पाच वेळा टीटी, बाकी रकाना कोरा

मे 2023 च्या मध्यातली दुपार. या दिवसांत सोलापुरात बारानंतर कुणी दवाखान्याची पायरी चढलं तर समजायचं, एक तर ऊन लागलंय नाहीतर काहीतरी चांगलंच लागलंय. अण्णा आले ते डाव्या तळहाताला टॉवेलची चिंधी गुंडाळून. मागावरचा धोटा उडाला होता. जखम बोटभर लांब, खोल नव्हती आणि कडा स्वच्छ होत्या.

"टीटी मारा आन् सोडा मला, डॉक्टर. माग बंद करून आलोय."

अण्णा 58 वर्षांचे. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत त्यांचे बारा माग आहेत, टॉवेल निघतात. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, हिशेब दोन्हींत. मधुमेह 16 वर्षांचा, रक्तदाब दहा वर्षांचा. माझ्या वडिलांच्या वेळेपासून हे घर आमच्याकडे येतं. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

जखम धुऊन दोन टाके घातले आणि सवयीने त्यांचं जुनं कार्ड काढलं. माझ्याच अक्षरात टीटीच्या, म्हणजे धनुर्वाताच्या लसीच्या, नोंदी होत्या: 2009, 2012, 2015, 2018 आणि 2021. दर वेळी मागावर काहीतरी लागलेलं, दर वेळी इंजेक्शन. कार्डावर लसीची दुसरी नोंद शोधली, एकही नाही. 16 वर्षं हा माणूस साखर दाखवायला माझ्यासमोर बसत होता आणि त्याला लागलं की मी फक्त धनुर्वाताचं बघत होतो.

आधी टीटीचं. ज्याचे धनुर्वाताचे किमान तीन डोस झालेले आहेत, त्याची जखम स्वच्छ आणि लहान असेल तर शेवटच्या डोसाला दहा वर्षं होईपर्यंत नवा डोस लागत नाही. जखमेत माती, शेण असलं किंवा ती खोल असली तर ही मुदत पाच वर्षांची धरतात. अण्णांचा शेवटचा डोस दोन वर्षांपूर्वीचा होता, म्हणजे कुठल्याही हिशेबाने गरज नव्हती. उलट वारंवार घेतलं तर दंड सुजून लाल होतो, ते त्यांनी 2021 मध्ये तीन दिवस भोगलंही होतं. शिवाय नुसती टीटी आता मागे पडली. तिच्या जागी टीडी आली, तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते. आपल्या सरकारी लसीकरणातही हाच बदल झाला. पण आपल्याकडे लोखंड लागलं की टीटी ही रीत एवढी मुरलीय, की इंजेक्शन दिलं नाही तर पेशंटला वाटतं डॉक्टरने कुचराई केली. अण्णांनाही वाटलं. चेहऱ्यावर दिसत होतं.

मी फाइल चाळत बसलो. ते म्हणाले, "काय लिव्हलालाव एवढं? दोन टाक्यांसाठी?"

फाइलमध्ये दोन महिन्यांपूर्वीचा कागद होता, एका मोठ्या रुग्णालयातल्या किडनीच्या डॉक्टरांचा. क्रिएटिनिन 2.6, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) 27, म्हणजे किडनी बरीच थकलेली. खाली औषधं, पथ्य आणि अगदी शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात: डायलिसिसची शक्यता समजावली, हेपॅटायटिस बी लसीकरण करावे. ते कुणी करावं, कुठे करावं, कधीपासून करावं, काही नाही. अण्णांनी कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला होता. मुलाला वाटलं अण्णांनी वाचलाय. मला तो दोनदा दाखवला गेला होता आणि मी दोन्ही वेळा क्रिएटिनिनवरच थांबलो होतो.

लहान मुलांच्या लसीला आशाताई असतात, अंगणवाडी असते, शाळेचा दाखला असतो. मोठ्या माणसाची लस ही कुणाचीच ड्यूटी नाही. कोविडची काय ती एक झाली. तिचं प्रमाणपत्र अण्णांच्या मोबाईलमध्ये आहे आणि आयुष्यात त्यांच्याकडे असलेला लसीचा तो एकमेव कागद.

हेपॅटायटिस बी आधी का

अण्णांना पाच गोष्टी हव्या होत्या: हेपॅटायटिस बी, फ्लू, न्यूमोनिया म्हणजे न्यूमोकॉकसची लस, नागिणीची लस, आणि दहा वर्षं झाली की टीडी. माणसं अशा वेळी किमतीवरून क्रम लावतात. मी म्हटलं, क्रम मुदतीवरून लावू. ज्या लसीचा काळ संपत चाललाय ती आधी.

हेपॅटायटिस बी चा काळ संपत चालला होता. यकृताला धरणारा हा विषाणू रक्तातून पसरतो आणि अंगाबाहेर सांडलेल्या, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा रक्त यंत्रातून फिरतं, एकाच खोलीत अनेकांचं. म्हणून तर ज्यांना हा संसर्ग आहे त्यांचं यंत्र वेगळं ठेवतात. लस डायलिसिस सुरू झाल्यावरही देता येते, पण किडनी जसजशी मंदावते तसतसं शरीर लसीला दाद देणं कमी करतं. तरुण, निरोगी माणसात तीन डोसांनी 90 टक्क्यांहून जास्त जणांना पुरेसं संरक्षण मिळतं. डायलिसिसवरच्या रुग्णांत हे प्रमाण बरंच खाली येतं, म्हणून त्यांना दुप्पट मात्रेचे डोस लागतात. मधुमेहाचं निदान झालं तेव्हाच, साठीच्या आत, किडनी शाबूत असताना हीच लस दिली असती तर साधे तीन डोस बहुधा पुरले असते. हे माझ्या नावावर आहे.

आधी रक्त तपासलं. एचबीएसएजी, म्हणजे चालू संसर्गाची खूण, निगेटिव्ह, जुन्या संसर्गाची खूणही नव्हती. किडनीच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. ठरलं ते असं: दर वेळी 40 मायक्रोग्रॅम, म्हणजे मोठ्यांच्या 20 मायक्रोग्रॅमच्या दोन कुप्या, आणि डोस सुरुवातीला, एका महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी.

पहिल्या डोसाला अण्णा उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि पायजम्याची नाडी सैल करू लागले. इंजेक्शन म्हणजे कमरेखाली, हे आपल्या लोकांच्या रक्तात आहे. मी म्हटलं, बसा, दंडावर द्यायचंय. "दंडावर नको, उद्या बीम चढवायचाय." पण हेपॅटायटिस बी ची लस कुल्ल्यात दिली की चरबीत राहते आणि कमी लागू पडते. दंडाच्या स्नायूतच हवी. शेवटी बाही वर गेली आणि दंडावर दोन गोल, चुरगळल्या कागदासारखे व्रण दिसले. देवीची लस. लहानपणी शाळेत टोचलेली. देशातली देवी 1975 मध्ये संपली, पण त्या पिढीच्या दंडावर हा शिक्का राहिला. अण्णांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्येच्यानंतर आमाला कुणी इचारलंच नाय."

जूनच्या पहिल्या आठवड्यात फ्लूची आणि न्यूमोकॉकसची 13 प्रकारांची लस एकाच दिवशी दिली, एक एका दंडावर, दुसरी दुसऱ्या. चालतं तसं. फ्लू पावसाळ्याआधी, कारण आपल्याकडे त्याची मोठी लाट पावसाबरोबर येते, आणि लस घेतल्यावर अंगात तयारी व्हायला दोन आठवडे जातात. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ती दर वर्षी घ्यावी लागते. न्यूमोकॉकसचं तसं नाही. अण्णांच्या किडनीमुळे त्यांना 13 प्रकारांच्या लसीनंतर किमान आठ आठवड्यांनी 23 प्रकारांची दुसरी लस द्यायची होती. नुसता मधुमेह असता तर वर्षभर थांबलो असतो. 20 प्रकारांची एकाच डोसात काम भागवणारी लसही आहे, ती मिळाली तर हा दुसरा हेलपाटा वाचतो.

गोठलेली कुपी

जूनअखेर हेपॅटायटिसचा दुसरा डोस. माझ्याकडचा साठा संपला होता. मी चिठ्ठी लिहून दिली, म्हटलं दुकानातून घेऊन या. इथे चूक माझी. मुलगा आदल्या रात्री कुप्या घेऊन गेला, बर्फाच्या पिशवीत, अगदी नीट. घरी वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, त्या फ्रिजमध्ये ठेवल्या. सकाळी दवाखान्यात आल्या तेव्हा कुप्या स्टीलच्या डब्यात होत्या, डब्याला बाहेरून दव सुटलेलं.

मी एक हातात घेतली. पांढरट पाणी, खाली साका. हलवून टेबलावर ठेवली. चांगल्या कुपीत हलवल्यावर दुधासारखा एकसारखा ढग राहतो आणि तो सावकाश बसतो. हिच्यात फुटलेल्या दह्यासारखे कण दिसले आणि बघता बघता तळाला गेले, वर स्वच्छ पाणी. मी विचारलं, "वहिनी, कुठल्या कप्प्यात ठेवलं होतं?"

"वरच्या. बर्फाच्या. म्हटलं, लस हाय, थंडच पायजे."

काय चुकलं त्यांचं? सगळे म्हणतात लस थंड ठेवा. 2 ते 8 अंश हे कुणी सांगत नाही आणि आम्हीही सांगितलं नव्हतं. या लसीत अ‍ॅल्युमिनियमचे अगदी बारीक कण असतात, त्यांना लसीचा मूळ भाग चिकटलेला असतो. गोठलं की ते कण एकमेकांना घट्ट धरतात आणि वितळल्यावरही सुटत नाहीत. उन्हात थोडा वेळ राहिलेली ही लस कदाचित वाचते, गोठलेली नाही. टीडीचंही तसंच. रीतसर चाचणी करताना त्याच बॅचची कुपी मुद्दाम गोठवून शेजारी ठेवून बघतात. मला त्याची गरजच नव्हती, वहिनींनीच सांगून टाकलं होतं.

दोन्ही कुप्या टाकून दिल्या. पैसे मी देतो म्हटलं, अण्णा घेईनात. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: दुकानातून आणलेली लस घरी मुक्कामाला न्यायची नाही. दुकान ते दवाखाना थेट, थर्माकोलच्या डब्यात, आणि कुपी नि बर्फ यांच्यामध्ये कापडाची घडी.

जुलैअखेरचा तिसरा डोस चुकला. त्या वर्षी अधिक श्रावण होता, लेक-जावई सिकंदराबादहून आले, तेहतीस अनारशांचं वाण झालं, मग सगळे तिरुपतीला. परत आले तर नारळी पौर्णिमा. मार्कंडेयांचा रथ म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागात त्या दिवशी दुसरं काही नसतं. अण्णा सप्टेंबरात उगवले, चेहरा पडलेला. "आता पुन्हा पहिल्यापासून?"

नाही. हा गैरसमज पेशंटला असतो तसा काही दवाखान्यांतही असतो. डोस लांबला तर जिथे थांबलो तिथून पुढे. आधीचे डोस वाया जात नाहीत, फक्त मधल्या काळात संरक्षण अपुरं राहतं. त्याच दिवशी हेपॅटायटिसचा तिसरा आणि न्यूमोकॉकसचा 23 प्रकारांचा, दोन्ही दिले. ऑगस्टमध्ये त्यांना सर्दी-खोकला होऊन गेला होता, त्यावरून फ्लूची लस वाया गेली असा निकालही त्यांनी लावला होता. मी म्हटलं, ती फ्लूसाठी आहे, प्रत्येक सर्दीसाठी नाही, आणि तिचं खरं काम फ्लू झालाच तर तो छातीत उतरू न देणं. पटलं की नाही, माहीत नाही. पुढच्या मेमध्ये मात्र स्वतःहून आले.

नागीण

हा भाग खरं तर वहिनींचा आहे. आदल्या वर्षीच्या थंडीत त्यांना डाव्या बाजूला, छातीखालून पाठीपर्यंत, पट्ट्यासारखे फोड आले. घरातल्या मोठ्यांनी नाव दिलं, नागीण. पेठेत एक आजोबा नागीण उतरवतात, ते आले, काव लावली, मंत्र म्हटला. तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळू द्यायचं नाही, मिळालं तर माणूस जातो, म्हणून दोन्ही टोकांना कावेची जाड रेघ. वहिनी माझ्याकडे आल्या सहाव्या दिवशी, रेघांसकट.

तोंड-शेपूट सहसा मिळत नाही, आणि ते आजोबांच्या रेघेमुळे नव्हे. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्याजवळच्या नसांच्या मुळांत झोपून राहतो. वय वाढलं, प्रतिकार मंदावला की एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर येतो. ती नस अंगाच्या एकाच बाजूला असते, म्हणून फोड पाठीच्या मधोमध येऊन थांबतात. त्यामुळे त्या आजोबांचा हातगुण पेठेत अजून शाबूत आहे. पण विषाणूवरची गोळी फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाली तर तिचा खरा उपयोग, आणि ते तास काव वाळण्यात गेले.

फोड तीन आठवड्यांत सुकले. कळ राहिली. आठ महिने झाले तरी वहिनींना त्या बाजूला ब्लाउजची शिवण सहन होत नव्हती, पंख्याचा वारा लागला तरी चमक निघायची. रात्री उठून बसायच्या. अण्णांनी हे सगळं शेजारच्या गादीवरून पाहिलं होतं, म्हणून नागिणीच्या लसीची किंमत सांगितल्यावर मला वाटलं तेवढी घासाघीस झाली नाही. एका डोसाला दहा हजारांच्या पुढे जाते, आणि डोस दोन, मध्ये दोन ते सहा महिने. शिंग्रिक्स नावाची ही लस भारतात 2023 पासून मिळते. 50 वर्षांवरच्या लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तिने 97 टक्के नागीण रोखली होती. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे किडनीच्या रुग्णाला, उद्या प्रत्यारोपण झालं तरीही, देता येते. कांजिण्या आणि गोवराच्या जिवंत लसींचं तसं नाही. त्या लागणार असतील तर प्रत्यारोपणाच्या किमान चार आठवडे आधीच उरकाव्या लागतात. अण्णांना कांजिण्या लहानपणी झालेल्या, तो प्रश्न मिटला.

एक सांगून ठेवलं: या लसीने दंड दुखतो, दोन दिवस ताप-अंगदुखी येऊ शकते. दुसऱ्या दिवशी कारखान्याचं महत्त्वाचं काम ठेवू नका. ऑक्टोबरात पहिला डोस झाला, ताप आला, फोन आला नाही. आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही, एवढा अनुभव आहे. दुसरा जानेवारीत, गड्ड्याची यात्रा सुरू असताना. त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर हेपॅटायटिसचा चौथा.

वहिनींनी तेव्हा विचारलं, "मला तर होऊन गेली, आता मला कशाला?" होऊन गेलेल्याला पुन्हा होऊ शकते. फोड पूर्ण बरे झाले की लस घेता येते, म्हणून त्यांनीही घ्यावी, असं मी म्हटलं. त्यांनी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी माझ्याकडे. विषय तिथेच राहिला.

सहा

हेपॅटायटिसच्या शेवटच्या डोसानंतर दीड-दोन महिन्यांनी रक्तातली अँटी-एचबीएस, म्हणजे लसीने तयार झालेली प्रतिपिंडं, तपासायची असते. निरोगी माणसात हे सहसा करत नाहीत, किडनीच्या रुग्णात करायलाच हवं. 10 च्या वर आलं तर लागू पडली असं धरतात.

मार्च 2024 मध्ये रिपोर्ट आला: 6.

चार वेळा दुप्पट मात्रा, एक वाया गेलेली जोडी, नऊ-दहा महिने, आणि 6. अण्णा रिपोर्ट हातात घेऊन म्हणाले, "सूतवाल्यानं फसवल्यासारखं झालं, डॉक्टर." मी विचार करत होतो, लांबलेल्या तिसऱ्या डोसाने असं झालं का. बहुधा नाही. थकलेली किडनी आणि 16-17 वर्षांची साखर, एवढं कारण पुरतं.

एकदा पूर्ण कोर्स करून 10 च्या खाली राहिलेल्याला दुसऱ्यांदा पूर्ण कोर्स देतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या खेपेला दाद मिळते. अण्णांना हे ऐकवणं मला जड गेलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, "ताणा तुटला म्हणून कुणी माग विकत नाय." एप्रिल, मे, जून आणि ऑक्टोबर 2024. या वेळी एकही तारीख चुकली नाही. कुप्या मी स्वतः मागवून ठेवल्या, दवाखान्याच्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात, शेजारी थर्मामीटर.

डिसेंबरात रिपोर्ट आला: 84. क्रिएटिनिन तोवर 3.9 झालं होतं. डायलिसिस सुरू झालेलं नाही, पण हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी धमनी आणि शीर यांची जोडणी, करून ठेवण्याची चर्चा सुरू आहे. ते सुरू झाल्यावर हा आकडा वर्षातून एकदा तपासायचा आणि 10 च्या खाली घसरला तर बूस्टर द्यायचा.

दवाखान्यात आता मधुमेहाच्या प्रत्येक नव्या कार्डावर मी पहिल्याच दिवशी आडवी रेघ मारून लसीचा वेगळा रकाना पाडतो. हेपॅटायटिस बी पहिल्या ओळीवर. धोटा लागून आलेल्याच्या कार्डावरही शेवटच्या टीडीची तारीख आधी बघतो, मग सिरिंजला हात लावतो. काही लोक नाराज होऊन जातात आणि शेजारच्या गल्लीत टीटी घेऊन येतात.

परवा अण्णा आले ते सुताच्या हिशेबाची लाल वही घेऊन. मागच्या पानांवर त्यांनी लसींचं खातं उघडलंय. डावीकडे जमा, उजवीकडे येणे. जमेला हेपॅटायटिस, पुढे 84 आणि त्याभोवती गोल. फ्लू तीन वेळा. न्यूमोनिया दोन. नागीण दोन. येण्याला पुढच्या वर्षीचा फ्लू आणि 2031 ची टीडी.

पुढचं पान वहिनींच्या नावाचं. जमेला फ्लू, एकदा. येण्याला पेन्सिलीने लिहिलंय: नागीण, दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर, ते लिहिलेलं नाही.